आधी माफ करा, मग झोपा

चिमाजीला झोपेची भीती वाटायची. एरवी गडी कशाला भिणारा नव्हता. पण आठ महिन्यांपूर्वी रात्रपाळी करून तो सकाळी आडवा झाला आणि तो घोरत असताना भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात, त्याची बायको साधना अचानक वारली. दुपारी उठून त्याने चहा मागितला तेव्हा कळलं. तेव्हापासून डोळा लागला की तो दचकून उठून बसे.

चाकणच्या कंपनीत तो हत्यारांच्या स्टोअरवर होता. मागच्या आठवड्यात उभ्या उभ्या डुलकी लागून रॅकवर आपटला. साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी कायमचे घरी झोपा."

जवळच्या निघोजे गावातल्या त्याच्या घराच्या माडीवर दोन भाडेकरू होते, दोघेही रात्रपाळीचे. नागावकरकाका अलिबागकडचे यहुदी, दुसऱ्या एका कंपनीत माल तपासायचे. विजयश्री नगरची ख्रिस्ती, हॉस्पिटलात नर्स. सकाळी आठला तिघं कोपऱ्यावर चहा घ्यायचे.

"काका, तुमाला बरी झोप लागती," चिमाजी म्हणाला. "वरून आवाज येतोय ना तुमचा, पिठाच्या गिरणीवानी."

"प्रार्थना करून झोपतो. डोळ्यांवर हात ठेवायचा, देव एकच आहे म्हणायचं आणि जीव त्याच्या हाती सोपवायचा."

"अय्या, ते तर आमचं!" विजयश्री म्हणाली. "जीव तुझ्या हाती. येशू क्रूसावर तेच म्हणाला."

"आणि तो कुणाचा मुलगा होता? आमच्यातलाच की!"

"बघा! चहा झाला की हे सुरू."

"भांडू नका," चिमाजी म्हणाला. "सोपवल्यालं परत मिळतंय का?"

"मिळतं. तुमच्या स्टोअरसारखं," नागावकर म्हणाले. "बोथट झालेलं हत्यार द्यायचं, धार लावून परत घ्यायचं. रोज नवं. पण त्याआधी एक काम असतं. ज्यांनी ज्यांनी आपल्याला दुखवलं, त्या सगळ्यांना माफ करायचं."

चिमाजीने कप ठेवला. "सगळ्यांना?"

"एकूणएक."

चिमाजी उठून थेट चुलतभावाच्या दारात गेला. दादासाहेब दात घासत होते.

"दादा, तू पाइपलाइन फोडून माझं पाणी घेतलंस. जा, माफ केलं."

"कुणी फोडली?" दादासाहेबांच्या तोंडातून फेस उडाला. "सकाळी सकाळी काय लावलंय?"

तिथून तो चुलतीकडे गेला. "छबूकाकू, माझ्या लग्नात तू नवरीला काळी म्हनलीस. माफ हाय."

"मुडद्या, मला माफ करनारा तू कोन?" छबूबाईंनी झाडू उचलला.

मग किराणावाला झाला, मग दूधवाला. नऊ वाजता चिमाजी माडीचा जिना दोन दोन पायऱ्या टाकत चढत होता आणि मागून चार माणसं, एक झाडू आणि एक दुधाची किटली चढत होती. वरून नागावकर लुंगीवर बाहेर आले, मागोमाग विजयश्री.

"ह्यो येडा तुमी केलाय व्हय?" छबूबाई गरजल्या.

सगळं ऐकून नागावकरांनी कपाळाला हात लावला. "अहो चिमाजी, माफी मनात द्यायची असते! पत्रिकेसारखी घरोघर वाटायची नसते!"

विजयश्री हसून हसून खालीच बसली. दूधवाला हसला, मग दादासाहेब, शेवटी छबूबाईंच्या हातातला झाडूही हलायला लागला.

"झाले का सगळे?" विजयश्रीने डोळे पुसत विचारलं.

"एक राहिलंय," चिमाजी म्हणाला. "साधना."

हसणं थांबलं.

"हितं खालीच व्हती, भिंतीपल्याड. येक हाक मारली असती तर मी उठलो नसतो का? मारलीच न्हाई."

छबूबाईंनी झाडू खाली ठेवला. "आरं, तू झोपलास की ती आमाला दारात बोलू द्यायची न्हाई. ह्या दूधवाल्याला घंटा वाजवू द्यायची न्हाई. कुकरची शिट्टीसुदिक उचलून धरायची. म्हनायची, रातभर उबा असतोय, त्याला उठवू नका."

चिमाजीला हसू फुटलं. "म्हंजे मरतानासुदिक? आगं बये, मरताना तरी वरडायचं!" हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी हसू थांबेना. "माफ केलं जा. जा गं, माफ केलं."

त्याला धरून खाली नेलं. तो खाटेवर पडला, डोळ्यांवर हात ठेवला, "जीव तुझ्या हाती" म्हणाला आणि पुढचा शब्द घोरण्यात गेला.

सगळे दारात बसून राहिले. छबूबाईंनी तीनदा त्याच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. दादासाहेब कामावर गेले नाहीत. दूध नासलं.

संध्याकाळी सहाला चिमाजीने डोळे उघडले. छातीवर हात ठेवून पाहिलं. आत चालू होतं.

"मिळाला परत," तो म्हणाला. "शिफ्टला किती येळ हाय?"

"पाच तास," विजयश्री म्हणाली.

"मग आनखी जरा पडतो."

त्याने कूस बदलली. नागावकर विचारात पडले. "पुन्हा झोपतोय म्हणजे प्रार्थना पुन्हा म्हणायला हवी."

"छे, एकदा सोपवला की सोपवला," विजयश्री म्हणाली.

"आमच्यात तसं चालत नाही."

"तुमच्यात काहीच चालत नाही, काका!"

"गप बसा की," छबूबाई कुजबुजल्या. "त्याला उठवू नका."