घरचं लेकरू

"लुंगिले, पोलिसांची गाडी! लोकर दडव रे!" वुयो ओरडला आणि शेडमधले सगळे हसले.

लुंगिलेनं मान वर केली नाही. त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये एक म्हातारी मेंढी होती, आणि अर्धी कातरलेली मेंढी सोडून उठणं त्याला कधीच जमलं नव्हतं. कातरी चालवत तो म्हणाला, "तुझ्या टकलावर चिकटवतो की. तेवढीच तुझी बायको खूश होईल."

"बायकोचं तू मला सांगतोस? साठी उलटली तरी आईच्या हातचं जेवणारा माणूस!"

पुन्हा हशा झाला. तो ओसरला तेव्हा दारात एक बाई उभी होती. अंगावर साधाच स्वेटर, पायात चिखलाचे बूट. सार्जंट फेझेका, मटाटा शहरातून आलेय, असं सांगून तिनं हळूच विचारलं, "नोमाखायाचे भाऊ इथं असतात ना?"

कातरी थांबली. एन्टाबेनी गावात ते नाव पंचवीस वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. वुयोनं लुंगिलेच्या गुडघ्यांतून मेंढी आपल्याकडे ओढून घेतली.

दोघं बाहेर येऊन लोकरीच्या गठ्ठ्यावर बसले. फेझेका त्याच्या लेकीच्या वयाची असेल. ती त्याला कुळाच्या नावानं बोलत होती, जसं मोठ्या माणसाशी बोलावं तसं.

"द्लोमो, मी जुन्या फायली तपासते. बंद केलेल्या केसेस पुन्हा उघडायच्या, आणि तेव्हाचा तपास नीट झाला होता का ते ठरवायचं, हे माझं काम."

"झाला होता का?"

"नाही झाला."

मग तिनं सावकाश सांगितलं. नोमाखाया मटाट्याला कुणाच्या तरी घरी कामाला गेली आणि नाहीशी झाली. तीन वर्षांनी सुरूच्या जंगलात एका तरुण मुलीची हाडं सापडली. पोलिसांनी एन्टाबेनीला येऊन आईच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नेली. इथवर लुंगिलेला ठाऊक होतं. पुढे निरोप आला होता की ती तुमची मुलगी नव्हे. त्या दिवशी घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. आई म्हणाली होती, म्हणजे पोर कुठंतरी जिवंत आहे.

"त्या हाडांत डावा हात लहानपणी मोडून जुळलेला आहे," फेझेका म्हणाली.

"घोड्यावरून पडली होती." लुंगिले खाली बघून बोलला. "माझ्याच घोड्यावरून."

"तुमच्या आईनं जबाबात तेही सांगितलं होतं. उंचीही जुळत होती, वयही. फक्त डीएनए जुळला नाही. मी त्या वेळच्या अधिकाऱ्याला जाऊन भेटले. आता म्हातारा झालाय. म्हणाला, मला शंका आली होती, पण आईच्या वयाच्या बाईसमोर टोपी काढून बसलेला मी, तिला कसं विचारू की बाई, ही पोर तुमच्या पोटची आहे का? आपल्यात असं विचारतात का कधी?"

"नाही विचारत."

"मलाही नाही विचारता येणार. म्हणून सरळ घरी न जाता इथं आले." तिनंही पुढचं विचारलं नाही. स्वेटरच्या खिशातून एक बंद पाकीट काढून तिनं ते गठ्ठ्यावर दोघांच्या मध्ये ठेवलं. "यात काडी आहे. कुणाची हवी ते तुम्हाला माहीत असेल. मी उद्या सकाळी पुन्हा येते."

"ती... हाडं आता कुठं आहेत?"

"शहरात. एका खोक्यात. खोक्यावर नाव नाही."

लुंगिलेनं पाकीट उचलून खिशात घातलं. मग म्हणाला, "आईला विचारावं लागेल."

एवढ्या वयाच्या माणसाच्या तोंडून हे ऐकून ती हसली नाही. लुंगिलेला तेवढ्यावरून ती भली वाटली.

तो सतरा वर्षांचा असताना शाळेतली एक मुलगी त्याच्यापासून गरोदर राहिली आणि बाळंतपणात गेली. तिचे लोक बाळाला लुंगिलेच्या घराच्या दारात ठेवून दूर निघून गेले. त्याच्या आईच्या, मारादेबेच्या, अंगावर तेव्हा दूध होतं. तिचं शेवटचं मूल महिन्यापूर्वीच वारलं होतं. तिनं ते बाळ उचललं आणि छातीशी धरलं. यात लपवाछपवी अशी काही नव्हती. घरात वाढलं ते घरचं मूल, त्याला कोण कुणाचं असं कुणी विचारत नाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी बोललं नव्हतं. नोमाखाया मारादेबेला आई म्हणू लागली, आणि लुंगिलेला दादा. तो तिला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडे. तिच्या शाळेच्या गणवेशासाठी त्यानं दुसऱ्यांच्या मेंढ्या कातरल्या. एकदा तिनं विचारलं होतं, "दादा, तू लग्न का करत नाहीस?" तो म्हणाला होता, "तुझं होऊ दे आधी." तिनं त्याला पाठीत धपाटा घातला होता. तिला काही ठाऊक होतं की नव्हतं, हे त्याला कधीच उमगलं नाही.

संध्याकाळी मक्याच्या कण्या आणि घेवडा ताटात वाढून मारादेबे त्याच्यासमोर बसली. पोलिसांची गाडी आल्याची बातमी तिच्यापर्यंत केव्हाच पोचली होती. लुंगिलेनं सगळं सांगितलं. पाकीट दाखवलं.

"म्हणजे तेव्हा माझ्या थुंकीनं सांगितलं, मी तिची आई नव्हे," ती म्हणाली.

"तसं नाही, आई."

"मग कसं? मी साहेबाला म्हटलं, ती माझी मुलगी. त्यांच्या कापसानं मला खोटं पाडलं. आता तुझ्या तोंडात काडी घालतील, आणि ती सांगेल, पोर ह्याची. मग मी कोण? रात्र रात्र जागले ती कोण? गोवरात तिच्या उशाशी कोण होतं? कापसाला ते सापडतं का?"

"नाही सापडत."

"नको मग ती काडी. मी मेले की काय करायचं ते कर."

लुंगिलेनं घास हातात धरला आणि परत ताटात ठेवला. आईला उलटून बोलायची त्याला सवय नव्हती.

"मी तिला कधी लेक म्हटलं नाही, आई. तूच सांगितलं होतंस. पुढंही म्हणणार नाही. थडग्यावर तुझी मुलगी म्हणूनच लिहू. पण ती खोक्यात आहे गं. आपण तिची वाट बघत होतो, आणि ती सगळा वेळ खोक्यात होती. मला तिला फक्त इथं आणू दे."

मारादेबेनं त्याच्याकडे पाहिलं नाही. उठून तिनं त्याचं ताट उचललं, अन्न झाकून ठेवलं, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सकाळी तो शेडवर गेला तेव्हा फेझेका येऊन थांबली होती. नाही म्हणून सांगायचं त्यानं ठरवलंच होतं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात वुयो म्हणाला, "ती बघ कोण येतेय."

मारादेबे काठी टेकत चढण चढून येत होती. अंगावर चर्चच्या बायका घालतात तो लाल जाकीट आणि पांढऱ्या टोपीचा पोशाख होता. रविवार नव्हता. सगळ्यांनी कातऱ्या खाली ठेवल्या.

"ती काडीवाली कुठंय?"

"मी, आई." फेझेका गुडघे किंचित वाकवून पुढं झाली.

"काडी ह्याच्या तोंडात घाल." तिनं काठीनं लुंगिलेकडे दाखवलं. "पोर ह्याची. वाढवली मी. दोन्ही लिही तुझ्या कागदावर. एकच लिहिलंस तर मी मटाट्याला येईन."

"दोन्ही लिहिते, आई."

"आणि त्या तुमच्या साहेबाला सांग, विचारलं असतंस तर रागावले असते, पण सांगितलं असतं." एवढं बोलून ती वुयोकडे वळली. "तू काय तोंड उघडं टाकून बघतोस? मेंढ्या उन्हात उभ्या आहेत."

लुंगिलेनं तोंड उघडलं. काडी गालाच्या आतून फिरली. त्याला वाटलं होतं दुखेल. पण काहीच जाणवलं नाही.

उत्तर यायला कित्येक महिने गेले. आलं, तेव्हा जुळलं हे सांगायला फेझेका स्वतः आली. नोमाखायाला कुणी मारलं हे मात्र कळलं नव्हतं, आणि कदाचित कळणारही नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

लुंगिले रीतीप्रमाणे काटेरी झाडाची फांदी घेऊन सुरूच्या जंगलात गेला. मेलेल्या माणसाचा जीव त्या फांदीवर बसवून घरी आणायचा, वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, आणि पूल आला, नदी आली की त्याला सांगत राहायचं. सांगताना नात्यानं हाक मारतात. लुंगिलेनं प्रत्येक पुलावर नुसतं नाव घेतलं. दुसरं काही त्याच्या तोंडातून निघेना.

पुरायच्या आदल्या दिवशी शवपेटी घरात आली. बायकांनी खोलीतलं सामान बाहेर काढून जमिनीवर गादी टाकली होती. त्या गादीवर मेलेल्याची आई बसते आणि गावातल्या बायका तिच्याभोवती बसून गातात. पुरुषांनी तिथं जायचं नसतं. त्यांची जागा बाहेर, गुरांच्या कुंपणापाशी. लुंगिले तिथंच उभा होता. लोक येऊन त्याचा हात धरत. "बहिणीचं..." असं म्हणत, अडखळत आणि पुढं सरकत.

वुयोची बायको दारात आली. "लुंगिले, आई बोलावतेय."

तो टोपी काढून उंबऱ्याशी थांबला. आत गाणं चालू होतं. गादीवर मारादेबे घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसली होती.

"ये."

"आई, इथं बायका आहेत."

"असू देत. त्या काय खातायत तुला?"

असं म्हणून तिनं दोन्ही हात गादीवर टेकले आणि अंग ओढत ती भिंतीकडे सरकली. तेवढ्यानंही तिला धाप लागली. गाणं मध्येच थांबलं. लुंगिलेनं बूट काढून दाराबाहेर ठेवले, बायकांच्या मधून वाट काढली आणि तो तिच्याशेजारी खाली बसला. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी गाणं जिथं सुटलं होतं तिथून पुन्हा उचललं, आणि मारादेबेनं घोंगडीचं एक टोक त्याच्या गुडघ्यांवर ओढून घेतलं.