लव्हाळ्याआड

फोटोसमोर उभं राहून थोरलीने काळा चष्मा कपाळावर सरकवला. मोतीबिंदू काढल्यापासून आज ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, तीही धाकट्या बहिणीने हात धरून आणलं म्हणून. जलरंगाचा वर्ग आणि हौशी कॅमेरेवाले यांचं ते एकत्र प्रदर्शन होतं. दर्शनी भिंतीवर मधोमध धाकटीचा फोटो लागला होता: चोचीत मासा धरून काठीवर बसलेला खंड्या, पीस न् पीस स्वच्छ, आणि मागे मातीच्या दरडीत त्याचं बीळ.

“कसा आलाय?” धाकटीने विचारलं.

थोरली खंड्याकडे बघतच नव्हती. ती बिळाकडे बघत होती. बिळापुढे लव्हाळं नव्हतं.

थोरलीची हयात इस्पितळाच्या धुलाईघरात गेली होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, दिवसभर वाफ आणि खिडकी म्हणाल तर एकही नाही. ती निवृत्त झाली तेव्हा धाकटीने आपला जुना कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाली, “ताई, आता जरा उजेडात बस.” थोरलीने ते मनावर घेतलं. रोज सकाळी ती कालव्याकाठी जाऊ लागली. पाण्यावरचा प्रकाश, ओल्या खोडावरचं शेवाळ, बगळ्याचं एका पायावर उभं राहणं, असं काहीबाही टिपून घरी आणू लागली. पुढे तिला वाटलं, कॅमेरा फार लवकर मोकळा होतो. आपल्याला अजून बघायचं असतं. म्हणून ती जलरंगाच्या वर्गाला गेली. सोबत म्हणून धाकटीही आली. दोघींचं टेबल एक, ब्रश बुडवायचं भांडंही एकच. मास्तर म्हणायचे, या टेबलावर एक बहीण रंगवते आणि दुसरी बोलते. रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा दिलात तर चिखल होईल, असं त्यांनी बजावलं तेव्हा थोरली हसली होती. वाळायची वाट बघण्यात तिचा जन्म गेला होता.

खंड्याचं बीळ तिला सापडलं ते लव्हाळ्याचं चित्र काढता काढता. दोन काड्या एकमेकींवर आडव्या गेलेल्या, तिसरी कोपरात मोडल्यासारखी, आणि त्यांच्या आडून एक निळी रेघ सरळ मातीत शिरली. नर-मादी आळीपाळीने मासे आणत होती, म्हणजे आत पिल्लं होती. थोरलीने हे कुणालाही सांगितलं नाही. मास्तरांनी विचारलं, कुठला देखावा, तर नुसतं “कालवा” म्हणाली.

मग डोळ्याचं ऑपरेशन निघालं. धूळ नको, वाकायचं नाही, घरातच राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा तिने धाकटीला जागा सांगितली. पुलावरूनच बघायचं, खाली उतरायचं नाही, पिल्लं उडेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. धाकटीने शपथ घेतली. थोरली डोळ्यात औषध घालून पडून राहिली. धाकटी म्हणे डोळ्यात तेल घालून बिळावर नजर ठेवत होती. रोज येऊन बातमी द्यायची की सगळं ठीक आहे, ये-जा चालू आहे. ते ऐकलं की थोरलीला झोप लागायची.

“लव्हाळं कुठे गेलं?” थोरलीने आता विचारलं.

“मध्ये येत होतं गं. चार काड्या तर होत्या.”

“आणि ही काठी?”

धाकटीने इकडेतिकडे बघितलं. कॅमेरेवाली मंडळी चहाच्या टेबलाशी हसत उभी होती. त्यातल्या एकाने तिच्याकडे बघून अंगठा वर केला. “त्यांनी रोवली,” ती हळू आवाजात म्हणाली. “म्हणजे त्याला बसायला बरं. सगळे शांत बसले होते, ताई, कुणी आवाजसुद्धा केला नाही.”

“कुठे बसले होते?”

“समोरच. खाली.”

थोरलीने फोटोवर बोट ठेवलं नाही, नुसतं दाखवलं. “चोचीत मासा आहे. मग हा काठीवर काय करतोय? आत का गेला नाही?”

धाकटीचे कान लाल झाले. मग लहानपणी चोरी पकडल्यावर जसा काढायची तसाच आवाज काढून म्हणाली, “त्या लोकांत मला कुणी विचारत नव्हतं. या जागेमुळे विचारायला लागले.”

“आणि मला रोज काय सांगत होतीस?”

“तुझ्या डोळ्याची जखम ओली होती. म्हटलं, कशाला त्रास.”

थोरलीने काळा चष्मा खाली ओढला आणि एकटीच जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कालव्यावर गेली. लव्हाळं कात्रीने कापल्यासारखं एका उंचीत छाटलेलं होतं. समोरची माती बसून बसून गुळगुळीत झाली होती. काठी तशीच उभी होती, तिच्यावर कुणी येत नव्हतं. थोरली ऊन चढेपर्यंत पुलावर थांबली. मग खाली उतरली, कारण आता उतरायला हरकत नव्हती. बिळाच्या तोंडावर कोळ्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत जाळं विणलं होतं. कुठेही न फाटलेलं. नवा डोळा त्याचा एकेक धागा दाखवत होता. गळ्यात कॅमेरा होता, पण तिने तो उघडला नाही.

पुढच्या वर्गाला धाकटी आधी येऊन बसली होती. थोरली शेजारीच बसली. जागा बदलून लोकांना विषय द्यायची तिची रीत नव्हती. धाकटीने सवयीने पाण्याचं भांडं दोघींच्या मध्ये सरकवलं. थोरलीने पिशवीतून काचेची बरणी काढली, नळावर जाऊन भरून आणली आणि आपल्या उजव्या हाताशी ठेवली.

तासभर ती खाली मान घालून रंगवत होती. दरड, पाणी, मग लव्हाळं. एक हात वाळला की त्यावर दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. आडव्या दोन काड्या, कोपरात मोडलेली तिसरी, त्यांच्या मागे आणखी, आणखी. मास्तर मागे येऊन उभे राहिले.

“छान आहे. पण इथे तुम्ही सुरुवातीला एक बीळ काढलं होतं ना? आता मुळीच दिसत नाही.”

“हो,” थोरली म्हणाली आणि तिथेच आणखी एक काडी ओढली.