बसंतीबाईचा चुडा

दिग्रसच्या पलीकडच्या तांड्यातल्या बाया दिल्लीला नाचायला गेल्या, ते साल एकसष्ट. प्रजासत्ताक दिनासाठी गावोगावचे नाच बोलावले होते आणि यवतमाळच्या समाजकल्याण कचेरीतल्या विमलताईंनी या तांड्याचं नाव पुढं केलं होतं. नाचणाऱ्यांत बसंतीबाई सगळ्यांच्या पुढं असायची. तिचा नवरा रामधन नगारा वाजवायचा. कापसाची वेचणी अर्धी टाकून दोघं निघाली होती.

नाच चांगला झाला. परतायच्या दिवशी गाडी संध्याकाळची होती, म्हणून विमलताईंनी सगळ्यांना तिथल्या एका मोठ्या सरकारी संग्रहालयात नेलं. रामधननं नागपूरचा अजबबंगला पाहिला होता, पण हे त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं. जुन्या राजांच्या तलवारी, दगडाचे देव, वाफेचं इंजिन, सगळं एकाच छपराखाली. बाया नाचाच्याच कपड्यांत होत्या. त्यांच्या घुंगरांचा आवाज दालनादालनांतून घुमत होता आणि बाकीची माणसं वस्तू सोडून यांच्याकडंच बघत होती.

एका दालनात काचेच्या मोठ्या कपाटात बंजारा बाई उभी होती. प्लास्टरची, पण अंगावर खरा फेट्या म्हणजे घागरा आणि खरी काचळी, चोळी. नाचातल्या हंसाबाईला हसू आवरेना. मग तिनंच दाखवलं की हिच्या उजव्या दंडात हस्तिदंती चुडा आहे, डावा दंड मात्र मोकळा. सगळ्या आपल्या बोलीत खिदळू लागल्या, हिचा नवरा अर्धा मेला की काय म्हणून. कुणीतरी बसंतीबाईचा डावा दंड धरून काचेजवळ नेला, की हा बघ, असा पाहिजे.

दाराजवळच्या पहारेकऱ्याला बोली कळत नव्हती. त्याला दिसलं ते एवढंच की कपाटातल्या बाईचा चुडा गेला आहे आणि या बाया एकीच्या दंडाकडं बोट दाखवून हसत आहेत. कपाटाचं कुलूप हलवून पाहिलं तर ते नीट लागलेलं नव्हतं.

थोड्याच वेळात सगळ्यांना एका खोलीत नेऊन बसवलं. दार बाहेरून लावलं गेलं तेव्हा बायांचं बोलणं थांबलं. रामधन लावलेल्या दाराकडं बघत राहिला. त्याच्या लहानपणी आसपास कुठंही चोरी झाली की पोलीस आधी तांड्यावर यायचे. त्याच्या बापाला असंच उचलून नेलं होतं. महिन्यानं तो परत आला तो लंगडत, आणि चोर तर दुसऱ्याच गावचा निघाला होता.

मग संग्रहालयाचे एक अधिकारी आले, वयस्क, शांत आवाजाचे. त्यांनी विमलताईंना हिंदीत सांगितलं की प्रत्येक वस्तूच्या आतल्या बाजूला काळ्या शाईनं नंबर घातलेला असतो. या बाईनं चुडा काढून आतली बाजू दाखवावी. नंबर नसला तर विषय संपला.

विमलताईंना ते सोपं वाटलं. त्यांनी बसंतीबाईला तसं सांगितलं. बसंतीबाईनं नकारार्थी मान हलवली.

चुडा तिच्या दंडात चढला तो लग्नाच्या दिवशी, सासूच्या हातानं. ती तेव्हा पोर होती. आता दंड असा भरला होता की चुडा कोपराखाली येणं शक्यच नव्हतं. काढायचा तर कापूनच. आणि चुडा कापतात तो एकदाच, नवऱ्याला जाळून आल्यावर.

विमलताईंनी हे अधिकाऱ्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, रिवाज खरा असेल, पण सरकारी वस्तू गेली आहे आणि कपाटाची जबाबदारी माझी आहे. आमचा कारागीर सफाईनं कापील, नंतर चांदीनं सांधूनही देऊ. नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल.

पोलीस हा शब्द ऐकताच रामधन बायकोजवळ सरकला.

"काढून टाक," तो खाली बघत म्हणाला. "हाडाचाच तं हाय. दिग्रसच्या बजारातून नवा घेऊ."

बसंतीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत ती त्याला चारचौघांत उलट बोलली नव्हती.

"मंग सांग यायले," ती म्हणाली, "का हिचा नवरा मेला. तुह्या तोंडानं सांग. मी काढून देतो."

रामधन भिंतीशी जाऊन बसला.

कारागीर आला. त्याच्या हातात बारीक दातांची करवत होती आणि एक फडकं. बसंतीबाईला खुर्चीवर बसवलं. पहारेकरी दारात उभा राहिला. विमलताईंनी पुन्हा एकदा अधिकाऱ्यांना थांबायची विनंती केली, पण आता त्या मघासारख्या ठासून बोलत नव्हत्या. गाडीची वेळ जवळ येत होती आणि सोबतच्या बायांना सुखरूप घरी न्यायचं होतं. हंसाबाई रडत होती, की आपणच हसलो म्हणून हे झालं. बसंतीबाईनं दंड छातीशी घट्ट धरला होता. पहारेकऱ्यानं पुढं होऊन तिचं मनगट धरलं आणि हात टेबलावर ओढला. कारागिरानं चुड्याखाली फडकं सारलं.

तेव्हा रामधन उठला. तो टेबलाजवळ आला आणि त्यानं आपला पंजा चुड्यावर ठेवला, सगळी बोटं पसरून.

अधिकाऱ्यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो हलला नाही. पहारेकऱ्यानं खांद्याला धक्का दिला. रामधननं दुसऱ्या हातानं टेबलाची कड पकडली. चुड्यावरचा पंजा तिथंच राहिला.

"पुलिस को बुलाइए साब," तो म्हणाला. जिनिंगवर कापसाच्या गाड्या नेऊन नेऊन त्याला एवढं हिंदी येत होतं. "मुझे ले जाने दो. इसको मत काटो."

करवत टेबलावर ठेवून कारागीर मागं सरला. अधिकाऱ्यांनी पहारेकऱ्याला पोलीस चौकीकडं पाठवलं. मग नुसतं बसून राहणं. रामधन उभाच होता. हात उचलला तर कुणी करवत घेईल असं वाटून तो उचलतही नव्हता. विमलताई त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पोलिसांना काय सांगायचं याची त्या मनात जुळवाजुळव करत होत्या.

दार उघडलं ते पोलिसांनी नाही. एक तरुण अधिकारी जेवून परतला होता. आवारात त्याला पहारेकरी भेटला आणि चुड्याचं कळताच त्याला थांबवून तो धावत आत आला होता. संग्रहालयाच्या पुस्तकासाठी फोटो काढायचे म्हणून सकाळीच त्यानं तो चुडा कपाटातून फोटोच्या खोलीत नेला होता. सांगायचं राहून गेलं होतं. कुलूपही त्याच्याच हातून नीट बसलं नव्हतं. तो स्वतः जाऊन चुडा घेऊन आला. आत काळ्या शाईचा नंबर होता.

वयस्क अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हात जोडले, आधी विमलताईंना आणि मग थोडं थांबून बसंतीबाईला. सगळ्यांना चहा मागवतो म्हणाले. बाया केव्हाच दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. विमलताईंनाही तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.

बसंतीबाई खुर्चीवरून उठली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "चहा नको. वरचा मजला पाह्यचा राह्यला आमचा."

विमलताई म्हणाल्या, गाडी चुकेल. बसंतीबाई म्हणाली, तुमी बाकीच्यायले घेऊन ठेसनावर चाला, मी येतो. तरुण अधिकारी स्वतः दाखवायला पुढं झाला, वेळेत स्टेशनवर सोडतोही म्हणाला. बाकीच्या विमलताईंबरोबर गेल्या आणि ती पायऱ्या चढू लागली. रामधन तिच्या मागं होता.

वर ग्रहताऱ्यांचं दालन होतं, मोठ्या माशाचा सांगाडा होता, समुद्रात चालणाऱ्या जहाजाची लाकडी प्रतिकृती होती. बसंतीबाई प्रत्येक कपाटापुढं थांबली. अधिकारी सांगत होता, तिला निम्मं समजत होतं, तरी ती पूर्ण ऐकून मगच पुढं जायची. घुंगरं वाजत होती आणि माणसं वळून बघत होती. तिनं एकदाही ओढणी पुढं घेऊन दंड झाकला नाही.

जहाजापाशी रामधननं हळूच विचारलं, "रागात हायेस?"

ती जहाजाच्या शिडांकडं बघत राहिली. "हो," ती म्हणाली.

"मंग मी हात ठेवला, त्याचं काय?"

"तेबी पाह्यलं मी," बसंतीबाई म्हणाली. "पण पयले काढ म्हनलं तुनं."

तो तिच्या शेजारी उभा राहिला. जरा वेळानं ती पुढच्या कपाटाकडं वळली, आणि दोन पावलं जाऊन थांबली, तो येईपर्यंत.