पांढऱ्या झेंडीच्या दोन ओळी

आमच्या रानातून चिकलठाण्याच्या विमानतळाची भिंत दिसते. दुष्काळाच्या त्या साली पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पांढरी माशी इतकी झाली, की मुंबईचं विमान उतरायला आलं आणि माश्यांचा ढग बघून, इथं पाऊस चालू आहे असं समजून माघारी गेलं. खोटं वाटत असेल तर विमानाला विचारा. पानावर माश्यांचा चिकटा असा साचला होता, की आमची एक शेळी पानाला तोंड लावून तीन दिवस तशीच उभी राहिली. चौथ्या दिवशी दव पडलं तेव्हा सुटली.

हे मी बद्रीनाथ सरांना पहिल्याच भेटीत सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी खिशातली वही काढून दोन ओळी लिहिल्या. हसले असते तर पुढचा मनस्ताप वाचला असता.

बद्रीनाथ सर म्हणजे शहरातल्या एका प्रयोगशाळेतले मोठे साहेब, माशीवरचं नवं औषध आमच्या रानात तपासायला आलेले. त्यांच्या हाताखाली विशाखा, गंगापूरकडची पोरगी. दर दहा दिवसांनी ती स्कूटीवर बर्फाचा डबा बांधून यायची. डब्यात एक बाटली. त्यात काय असतं ते मी तिला सात वेळा विचारलं. सातव्या वेळी ती बिचारी बांधावर मटकन बसली.

"बाबा, आता शेवटचं सांगते. माशीच्या अंगात सारखे हुकूम सुटतात. हे पचव, ते बनव. त्या हुकमाच्या कागदाला आरएनए म्हणतात. आपण त्यातल्या एकाच हुकमाची दुहेरी नक्कल करतो आणि झाडावर फवारतो. पान ती पितं, माशी पानाचा रस पिते. आतल्या पहारेकऱ्याला शंका येते, हा कागद दुहेरी कसा? मग तसा मजकूर दिसेल तो प्रत्येक कागद तो फाडत सुटतो. खरा हुकूमसुद्धा."

"म्हंजी माशीला माशीचाच शिपाई बुडवतो."

"व्हय. मधमाशीच्या हुकमाचा मजकूर वेगळा, म्हणून तिला काय होत नाय."

तहसील कचेरीत हुकमाचे कागद वाहण्यात जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला एवढं पुरे.

पण मला त्या बाटलीचं अप्रूप वेगळ्याच कारणानं होतं. आमच्या चारही बाजूंच्या रानांत चुन्याच्या रेघा पडल्या होत्या. प्लॉट, प्लॉट आणि प्लॉट. मधे आमचे तीन एकर आणि पलीकडं अप्पारावचे दोन. माझा पोरगा खंडेराव चिकलठाण्याला कंपनीत जातो. त्यानं पेरणीलाच सांगून टाकलं होतं, "आबा, औंदा बी माशीनं खाल्लं तर दिवाळी झाली की मी प्लॉटिंगवाल्याला सही देणार." आणि सर म्हणाले होते, औषध लागू पडलं तर प्रयोगशाळा हे शेत आणखी तीन वर्षं प्रयोगाला धरेल. मग सही नाही. थोडक्यात, तीन एकर त्या बाटलीत होते.

विशाखानं रानाचे सहा पट्टे केले. तीन पट्ट्यांना लाल झेंडी, तिथं औषध. तीन पट्ट्यांना पांढरी झेंडी, तिथं नुसतं पाणी. पाठीवरचे दोन पंप, एकाला लाल पट्टी, एकाला पांढरी. फवारायचं मात्र आम्ही घरच्यांनी.

माझी बायको बानाबाई हे बघून जागेवरच थांबली. ती मेंढपाळाची लेक. त्यांच्यात मेंढ्यांना औषध पाजायचं तर कळपातल्या एकूणएक मेंढीला पाजतात. पाजलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा ठिपका. एक सुटली तरी तीच पुन्हा सगळ्या कळपाला रोग देते.

"पोरी, निम्म्या झाडांनी काय घोडं मारलंय?"

"मावशी, तुलना करायची असते. औषध दिलेलं आणि न दिलेलं."

"न दिलेलं अप्पारावच्या रानात हाय की. तिथं जाऊन मोज."

"त्यांची पेरणी वेगळी, बियाणं वेगळं. एकाच रानात पाहिजे."

"तुझं शास्त्र लई कठोर हाय बाई," बानाबाई म्हणाली आणि गप्प झाली. ती गप्प झाली की मी घाबरतो.

विशाखा पंप भरून पानं मोजायला पलीकडच्या पट्ट्यात गेली, तशी बानाबाईनं बादली ओढली. "अवं, धरा." मी धरली. दोन्ही पंप बादलीत रिकामे केले, काठीनं ढवळलं, पुन्हा दोन्हींत सारखं भरलं. एकूण सहा फवारण्या झाल्या, सहाही वेळा हेच. फवारून झालेल्या ओळीच्या तोंडाशी दगड ठेवून बानाबाई त्यावर गेरूचं बोट ओढायची. विशाखानं एकदा विचारलं, हे काय? मी पटकन म्हणालो, "रानाला दृष्ट लागू नये म्हणून." खरं सांगायला काय झालं होतं? पण जिभेला वळणच तसं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी शेवटची मोजणी झाली. लाल झेंडीत पानामागं आठ माश्या. पांढऱ्या झेंडीत पानामागं आठ. विशाखानं पुन्हा मोजलं. आठ. तिनं वही मिटली आणि दूर विमानतळाच्या भिंतीकडं बघत राहिली. डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सर आले. "काही फरक नाही. औषध निकामी. हे काम बंद करू आपण."

खंडेरावनं तिथंच मोबाइल काढला आणि प्लॉटिंगवाल्याचा नंबर शोधायला लागला.

"थांब!" मी ओरडलो. "सर, औषध चांगलं हाय. आम्ही दोन्ही पंप मिसळले. सगळ्या रानाला निम्मं निम्मं मिळालं."

सरांनी खिशातली वही उघडली. "विमान माघारी गेलं. शेळी तीन दिवस चिकटली. हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"ते खोटं हाय. हे खरं हाय."

"आणि शेत जायला लागल्यावर खरं आठवलं?"

"दगडावरचा गेरू बघा की! औषध दिल्याची खूण हाय ती."

विशाखा हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणाला होता, दृष्टीसाठी."

सत्तर वर्षांत पहिल्यांदा घसा फोडून खरं बोललो, आणि समोर तीन माणसं मान हलवतायत. स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"ह्यांच्या नादी लागू नका," बानाबाई म्हणाली. "या माझ्यासंगं."

ती आम्हाला रस्त्याकडच्या शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यात घेऊन गेली. काठाच्या दोन ओळी. तिथले दगड कोरे. "फवारणीला आणलेला टँकर दर खेपेला पाणी कमी टाकायचा. पंप इथं येऊन सुकायचा. ह्या दोघींना एकदा बी औषध पोचलं नाय. म्हणून गेरू नाय."

पट्ट्याच्या काठाच्या ओळी मोजायच्या नसतात, असा विशाखाचा नियम. त्यामुळं तिनं तिकडं बघितलंच नव्हतं. तिनं एक पान उलटं केलं. खालून पांढरं, वरून काजळी धरलेलं. ती मोजू लागली आणि साठावर थांबली. मग गेरू लागलेल्या शेजारच्या ओळीतलं पान उलटलं. नऊ. त्यापुढच्या ओळीत आठ.

सरांनी स्वतः वाकून पान धरलं. बोटं चिकटली, ती ते रुमालानं पुसत राहिले. शेळीची आठवण मी करून दिली नाही.

"सर, गेरू संपतो तिथंच माशी सुरू होते," विशाखा म्हणाली.

"दोन ओळींवर काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले. "पण नापास लिहिता येणार नाही. रद्द लिहू. पुढच्या हंगामात पुन्हा, ह्याच रानात. आणि ह्या वेळी नीट!"

खंडेरावच्या हातातला मोबाइल वाजत होता. प्लॉटिंगवालाच. त्यानं तो बंद केला. "एकच वर्ष, आबा. अन् तुम्ही पंपाला हात लावायचा नाय."

तेच वर्ष आता चालू आहे. पाऊस यंदाही रुसलेला. पांढऱ्या झेंडीला खरोखर नुसतं पाणी मिळतं आणि ते पट्टे डोळ्यांदेखत काळे पडतायत. बानाबाई फवारणी झाली की तिकडं पाठ करून बसते. हातात गेरू, लावायचा निम्म्याच दगडांना. काल म्हणाली, "आजारी जनावर पुढ्यात बांधायचं अन् बघत बसायचं. हे कसलं शिक्षण म्हणायचं?"

विशाखा पंप भरून पानं मोजायला गेली की मी बादली पालथी घालतो आणि तिच्यावर बसतो. बानाबाई माझ्याकडं बघते, बादलीकडं बघते. ऊन तापतं, बूड भाजतं. पण विशाखा परत येईपर्यंत मी उठत नाही. ह्या बादलीखाली तीन एकर आहेत.