माझे मागचे पाय

मी बोलतोय. निल्लासच्या कळपातला पुढारी रेनडिअर. रंग काळपट, म्हणून इथल्या बोलीत नाव मुझेत. मी कामचुकार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आमच्याकडे जनावर अडखळलं की पहिल्यांदा त्याच्या वृत्तीतच खोट काढतात.

निल्लासच्या बहिणीनं, मारेतनं, मला दोरीची सवय लावली. पुढे मी घसरगाडी ओढली. शरदात कळप समुद्राकाठच्या कुरणातून पठारावर निघाला की सगळ्यांत पुढे मीच.

पूर्वी उन्हाळ्यात आम्ही डोंगरमाथ्यावरच्या बर्फावर जाऊन उभे राहायचो. डास नाहीत, उकाडा नाही. हल्ली तो बर्फ लवकरच वितळून जातो. मग राहा खाली, ओल्या गवतात. तिथे गोगलगायींचा नुसता सुळसुळाट. चरताना एखादी पोटात जातेच. प्रत्येक पान उलटून बघायचं का मी?

गेल्या शरदात माझे मागचे पाय लटपटू लागले.

“सोंग करतोय,” निल्लास म्हणाला. “खाऊन माजलाय.”

“अरे, पाय फरफटतायत त्याचे. डोळे आहेत ना तुला?” मारेत म्हणाली.

जनावरांची डॉक्टर आली. “जंत आहेत. लेंड्यांतून गोगलगायीत, गोगलगायीतून परत यांच्या पोटात. उन्हाळा तापला की गोगलगायीत भराभर वाढतात. याच्या मणक्यापर्यंत पोचलेत. इंजेक्शन देते, पण गेलेली ताकद परत येईलच असं नाही.”

“मग कापायचा का?” निल्लासनं खाली बघत विचारलं.

“आधी त्याला हात तर लावून बघ,” मारेत म्हणाली.

कळप माझ्याविना गेला. मी कुंपणात पडून. मारेत मूठमूठ शेवाळ भरवायची. येणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जायचा: पाठीला तेल चोळा, धुरी द्या. खालच्या कुरणाचं नाव मात्र एकानंही काढलं नाही. वैताग नुसता.

पुन्हा शरद आला, आणि परवा निल्लास यंदाची पिल्लं हाकत कुंपणात आला. एकाची मान कलली होती. मागचा पाय उशिरा उचलत होतं. निल्लास त्याच्यावर खेकसत होता. मी कसाबसा उठलो आणि आडवा उभा राहिलो.

“हो बाजूला, म्हाताऱ्या.”

मी हललो नाही. त्यानं दोरी उगारली, आणि मग त्याची नजर पिल्लाच्या पायाकडे गेली. तो गुडघ्यांवर बसला, पाय चाचपला.

“मारेत, डॉक्टरला फोन लाव. आत्ता.” मग उठत म्हणाला, “पुढच्या उन्हाळ्यात यांना खाली ठेवायचं नाही.”

“वर बर्फ कुठे उरलाय?”

“वारा तर आहे. डास टिकत नाहीत, गवतही कोरडं.”

एवढं सुचायला माझे दोन पाय जावे लागले. बाबांनो, जे चालत नाही त्याला हाकू नका. आधी वाकून बघा.

पिल्लू आता माझ्या अंगाला रेलून उभं आहे. माझेच पाय थरथरतायत. पण त्याला ते सांगायची ही वेळ नाही.