टुणकी आणि करकरी

वस्तूला नाव दिल्याशिवाय ती माणसाच्या ताब्यात येत नाही, हाच संस्कृतीचा पाया आहे. आमच्या मंठा गावात तो पाया मोबाइलच्या गेममध्ये घातला गेला.

सूनबाई सत्यशीला खेळत होती. शेवटचा जीव उरला होता. शेजारी तिची सासू, आमची जयवंताबाई. माहेरच्या मेंढ्या ती घंटीच्या आवाजावरून ओळखायची. गेममधली उंच उडवणारी स्प्रिंग तिची 'टुणकी', पाय पडताच कोसळणारी फळी 'करकरी'.

जिंकायच्या झेंड्याआधी दोन सारख्याच फळ्या आल्या. सत्यशीला एकीजवळ गेली.

"आत्याबाई, हीच का?"

"न्हाई! करकरी हाय ती! दुसरी घे, जल्दी!"

उडी बसली, झेंडा फडकला, दोघींनी घर डोक्यावर घेतलं.

"बराबर कसं पाह्यलं, आत्याबाई?"

"पाह्यलं कुठं? ऐकलं. जवळ जाताच करकरती ती. आता तेवढा माझा चष्मा शोधून दे."