अकरा कुरकुरी, बावीस हात

सन १९३८ चे सायरबाई सुवर्णपदक लोटन मास्तरांना मिळाले. ठराव एकमताने झाला, टाळ्याही वाजल्या. आता वाचकांनी हे विसरावे, कारण असे काही घडलेलेच नाही. धुळ्याच्या भूगोल मंडळाच्या इतिवृत्तात त्या दिवशी फक्त चहा झाल्याची नोंद आहे.

लोटन मास्तर चोपड्याजवळच्या एका गावी महारवाड्यातली शाळा चालवत. गावाचे नाव देत नाही. कोणतेही घातले तरी गोष्ट अडणार नाही. रोज सकाळी शाळेआधी ते आई भिकुबाईबरोबर गावविहिरीच्या ओट्याखाली रिकामे मडके घेऊन उभे राहत. ओट्यावर चढायची त्यांना बंदी. वर कुणाला दया आली म्हणजे मडक्यात उंचावरून धार पडे. दया सरासरी दीड तासाने येई.

"काय मास्तर, पानी देऊ का भूगोल?" पाटलांच्या प्रमिलाबाई वरून विचारीत.

"पानीच द्या, अक्का. भूगोल मन्हापाशी शे."

ही बढाई नव्हती. त्या भागातले सुतार विहिरीचा गडगडा, म्हणजे दोराचे चाक, एकाच मापाचा करीत. एका फेऱ्यात दोन हात दोर सुटे, आणि एका फेऱ्याला गडगडा एकदा कुरकुरे. पोहरा पाण्याला टेकेपर्यंत अकरा कुरकुरी झाल्या, की पाणी बावीस हातांवर. ओटा उंच असल्यामुळे खालून दिसत काहीच नसे. पण ऐकण्यावर बंदी घालायचे कुणाला सुचले नव्हते. सात वर्षे दर सुटीत मास्तर आसपासच्या गावांत मडके घेऊन उभे राहिले. एकशे अठरा विहिरी त्यांनी कानाने मोजल्या आणि नकाशा केला: पाणी कुठे जवळ आहे, कुठे खोल, नवी विहीर कुठे खणावी आणि कुठे खणू नये.

पदकाच्या स्पर्धेसाठी मंडळाकडे नकाशे बिननावाचे, फक्त क्रमांक घालून जात. मास्तरांचा नकाशा अध्यक्ष प्रोफेसर ताम्हनकर भिंग लावून तासभर पाहत राहिले. "असं काम मी विलायतेत पाहिलं नाही," ते म्हणाले. ठराव झाला. मग पाकीट फोडून नाव वाचले गेले, आणि चहा मागवण्यात आला.

पदक जळगावच्या पन्नालाल शेठजींनी आपल्या आईच्या स्मरणार्थ ठेवले होते. ते हळूच म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, पदक गळ्यात घालायचं असतं. घालताना हात लागतो."

"मग नकाशाच्याच गळ्यात घालू," चिटणीस म्हणाले.

"नकाशा तरी कुणाच्या हातचा आहे?"

शेवटी शास्त्रच मदतीला आले. प्रोफेसर म्हणाले, "हा गृहस्थ ओट्यावर चढला असेल, तर एकशे अठरा विहिरी बाटल्या. चढला नसेल, तर आकडे खोटे." सर्वांना फार बरे वाटले.

मास्तरांकडून खुलासा मागवला. त्यांनी कुरकुरींचा हिशेब लिहून पाठवला. तो वाचून प्रोफेसरांची रात्रीची झोप गेली, कारण तो बिनचूक होता. मंडळाने कळवले की गावी येऊन प्रयोग पाहू. पटला तर पदकाचा पुन्हा विचार करू आणि नकाशावर नाव छापू. पदकाचे मास्तरांना एवढे नव्हते. नाव मात्र हवे होते.

"मन्हं बी टाक रे कोपराले," भिकुबाई म्हणाली. "मी बी उभीच व्हतू ना."

बातमी गावात पोचली. पंच बसले. लोटनने विहिरीला हात लावला नव्हता, हे सर्वांना मान्य होते. पण ऐकली होती.

"आपला गडगडाना आवाज बठ्ठा घी गया तो!" चोरी पकडल्यासारखे हिलाल पाटील ओरडले.

आवाज शुद्ध कसा करावा हे गावच्या भटजींना पोथीत सापडेना. तेव्हा आवाजच बंद करायचा ठरले. गावोगाव माणसे धाडली गेली आणि चार दिवसांत एकशे अठरा गडगड्यांना एरंडेल पाजले गेले. लोकल बोर्डाला वीस वर्षांत एवढी सुधारणा जमली नव्हती.

प्रयोगाच्या दिवशी ओट्यावर प्रोफेसरांसाठी खुर्ची मांडली होती. मास्तर खाली कान देऊन उभे होते. प्रमिलाबाईंनी पोहरा सोडला. गडगडा लोण्यासारखा फिरला. चिमणीसुद्धा दचकली नाही.

"बोला मास्तर," प्रोफेसर वरून म्हणाले, "किती हात?"

मास्तरांना आकडा पाठ होता. त्या विहिरीखाली त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते.

"बावीस शे ना रे!" भिकुबाई कुजबुजली. "सांगी टाक! नाव छापतीन!"

"माय, आज आयकू उनं नही," ते म्हणाले, आणि मग मोठ्याने, "सर, आज मला मोजता आलं नाही. मोजल्याशिवाय आकडा सांगू नये, हे आपल्याच पुस्तकात आहे. पान नऊ."

प्रोफेसरांनी खुर्चीच्या हातावर कागद ठेवला. मग त्यांनी लिहिले: उमेदवारास खोली सांगता आली नाही.

त्या वर्षीचे पदक परीक्षणाच्या श्रमांबद्दल प्रोफेसर ताम्हनकरांना देण्यात आले. नकाशा मंडळाच्या नावाने छापला गेला. त्याच्या आधारे तालुक्यात तीन विहिरी खणल्या, आणि तिन्हींना सांगितल्या खोलीवर पाणी लागले. तिन्हींना उंच ओटे बांधले. भिकुबाई त्यांपैकी एकीच्या पायथ्याशी उभी असताना, पुढच्या वैशाखात, उन्हाने गेली. दया त्या दिवशी दोन तासांवर होती.

तेराव्यानंतर मास्तरांनी लोकल बोर्डाला अर्ज केला. तो असा:

"अर्जदाराची पूर्वीची मोजणी कानाने झाल्याने ती अमान्य ठरली आहे. तरी अर्जदारास सदर एकशे एकवीस विहिरींच्या ओट्यांवर स्वतः चढून, दोर सोडून, खोली नव्याने मोजण्याची परवानगी मिळावी. तसेच मोजणी चालू असता अर्जदारास तहान लागल्यास त्याने काय करावे, याचाही लेखी खुलासा व्हावा, ही विनंती."